डागी आंब्यांचा उन्हाळा

"नाक लाव! अरे नाक लाव की मुडद्या! लांबनं काय हुंगतो, आंबा हाय तो, सासू नाय!"

हिराक्का ओरडत होती. मंडईमागच्या बोळातल्या गोदामात मी गुडघाभर पेंढ्यात बसलो होतो. हातात एक हापूस होता आणि त्याला नाक लावण्यापेक्षा मी एखाद्या घुशीचा मुका आनंदानं घेतला असता. "देठापाशी!" ती परत ओरडली. "देठापाशी सडतो तो आधी. वरनं नवरदेव, आतनं मढं. लाव नाक!" मी लावलं. आधी गोड, जड, कोमट वास आला. आणि त्याच्यामागे, दाराआड लपून उभ्या असलेल्या ओळखीच्या माणसासारखा, दुसरा एक वास उभा होता. आंबूस, चढलेला. हाच वास मी सोळा वर्षं रोज संध्याकाळी ग्लासात ओतून घेतला होता. मी मान झटकून मागे घेतली, आंबा हातातून सुटून पेंढ्यात फुटला, आणि हिराक्कानं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्यातल्या पाच मला ठाऊकही नव्हत्या.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पण दरवर्षी होळी विझली न विझली की या शहराला आंब्याचं भरतं येतं आणि मला मळमळायला लागतं. चैत्र-वैशाखात मंडईच्या बाजूनं जायची वेळ आलीच तर मी तोंडावर रुमाल धरून, श्वास कोंडून, पार तुळशीबागेपर्यंत धावतो. माझं नाक त्या एका उन्हाळ्यात इतकं तयार झालं की विचारू नका. एकदा खडकवासल्याला धरणाच्या भिंतीपाशी भजी खात उभा होतो. वारा शहराकडून येत होता. मी म्हणालो, "मंडईत कुणीतरी डागी पेटी उघडली." बरोबरच्या मित्रानं तिथल्या तिथे एका गाळेवाल्याला फोन लावला. उघडली होती! शप्पथ. मित्र म्हणतो फोन लागलाच नव्हता, पण मित्रांचं काय ऐकायचं.

आंबा खाणाऱ्या माणसाकडे कधी नीट पाहिलंय तुम्ही? मी पाहिलंय. कोपरापर्यंत ओघळलेला रस, तो चाटायला वळलेली मान, कोय चोखतानाचा तो चुळुक चुळुक आवाज, दातांत अडकलेला दोरा काढण्यासाठी गालात घातलेलं आख्खं बोट. वाटीच्या कडेवर माशी बसलेली असते, आणि तिला हाकलायचं सोडून लोक कौतुकानं म्हणतात, "बघा, तिलाही कळतं!" ती माशी आधी कुठे बसून आली हे त्यांना ठाऊक नसतं. मला असतं.

आणि हे बोलायची सोय नाही. पुण्यात 'मी दारुडा होतो' असं सांगितलं तर लोक बसवून चहा पाजतात. 'मला आंबा चालत नाही' म्हटलं तर त्याच चहाचा कप अर्धा भरतात. आमच्या खालच्या मजल्यावरचे एक काका दरवर्षी फोडींची बशी घेऊन वर येतात आणि दरवर्षी मी ती परत पाठवतो. गेल्या वर्षी त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "आपण मूळचे कुठले?"

"पुण्याचाच."

"मग आपल्यावर उपचार नीट झालेले दिसत नाहीत," काका म्हणाले आणि जिन्यातच एक फोड तोंडात टाकून खाली गेले.

उपचार झाले होते. व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडलो तेव्हा फाल्गुन होता, अंगावर चार महिन्यांपूर्वीचा शर्ट होता आणि तो माझा नसून माझ्या थोरल्या भावाचा असावा इतका ढगळ झाला होता. मला थोरला भाऊ नाही. थोरली बहीण आहे, आणि ती फाटकाबाहेर रिक्षा थांबवून उभी होती. ताईनं मला आपल्या घरी नेलं. त्या घराची तिनं जी झडती घेतली होती तशी सीमेवरसुद्धा होत नसेल. खोकल्याचं औषध हद्दपार. होमिओपॅथीचे थेंब हद्दपार. हात चोळायचं जंतुनाशक, अत्तराच्या कुप्या, दाजींचं दाढीनंतर लावायचं पाणी, सगळं शेजाऱ्यांकडे ठेवायला दिलेलं. इडलीचं पीठ आंबतं म्हणून इडली बंद. ढोकळा बंद. डोसा बंद. ताक सकाळचं दुपारी प्यायचं नाही. लोणच्याच्या बरणीला तिनं कुलूप लावलं होतं. बरणीला कुलूप कसं लागतं ते मला विचारू नका, पण लावलं होतं. दाजी, म्हणजे ताईचे यजमान, तीन महिने गालाची आग सहन करत मुकाट वावरत होते. मी समोर आलो की गालावर हात ठेवायचे, बोलायचे काही नाहीत.

आणि मग याच लोकांनी, ज्यांना इडलीच्या पिठाची भीती वाटत होती त्या लोकांनी, रिकामं डोकं वाईट म्हणून मला दाजींच्या आंब्याच्या गोदामात कामाला बसवलं! आमच्याच घराण्यात होऊ शकतं हे. हजार पेट्या पेंढ्यात पिकायला घातलेल्या, वर पत्रे, बाहेर वैशाख, खालचे डागी आंबे फसफसतायत. पाऊल टाकलं की घसा ओला होईल असा वास. म्हणजे पोहायला न येणाऱ्या पोराच्या हातून वाटीभर पाणी काढून घ्यायचं आणि त्याला उचलून कालव्यात टाकायचं. पण कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आंबा म्हणजे देवाला दाखवायचं फळ. त्याची कुठे दारू होते?

मी तरी कुठे बोललो? मला ते काम हवं होतं. कारण खडकीला मेधानं अट घातली होती.

मेधा माझी बायको. तेव्हा ती आमच्या सईला घेऊन खडकीला, भावाच्या क्वार्टरमध्ये राहत होती. सई पहिलीत होती. त्याच्या आदल्या वर्षी अक्षय्य तृतीयेला ताईकडे पंगत होती. मी सकाळपासून पीत होतो. सगळे नको म्हणत असताना रस वाढायला मीच उठलो, पातेल्यावर वाकलो आणि ओकलो. आमरसाच्या पातेल्यात. सई पहिल्याच पानावर बसली होती, तिनं वाटी पुढे केलेली होती. ती वाटी तिनं मागे घेतली नाही. तशीच धरून बसली, कारण पुढे काय करायचं असतं हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

एवढंच झालं. हे मी आता चार ओळींत लिहितो, पण तेव्हा वर्षभर मी ही गोष्ट फार वेगळी सांगत फिरत होतो. माझ्या गोष्टीत रसात पाल पडली होती. ती फक्त मी पाहिली. ओरडायला वेळ नव्हता, तेव्हा मी सोवळ्यासकट उडी मारून पातेलं लाथेनं उडवलं आणि चाळीस माणसांचे प्राण वाचवले. एका काकूंनी तर रडत माझे पाय धरले. प्रत्यक्षात पंगतीला अकरा माणसं होती, मी बर्म्युडावर होतो, आणि त्या काकू तेव्हा अमेरिकेत मुलीकडे होत्या. ही गोष्ट मी एकदा खडकीला, मेव्हण्याच्या मित्रांना, अगदी रंगात येऊन सांगत होतो, तेव्हा मेधा दारात उभी होती.  तिनं आत जाऊन सईच्या खोलीचं दार लावून घेतलं, कडी सरकल्याचा आवाज आला आणि मी पालीचं शेपूट आणखी वीतभर लांबवलं.

केंद्रातून सुटल्यावर भेटायला गेलो तेव्हा दाराची साखळी न काढता, चार बोटांच्या फटीतून ती म्हणाली, "आंब्याचा सिझन संपेपर्यंत. शेवटची पेटी जाईपर्यंत एक थेंब नाही. मग ये."

"आणि आलो की?"

"मग बघू. पण गोष्टी सांगायला येऊ नकोस. मला तुझ्या गोष्टींची किळस येते, दारूपेक्षा जास्त."

आता हिराक्का. तुम्ही डोळ्यांसमोर एखादी गरीब, फाटक्या लुगड्यातली म्हातारी आणली असेल तर ती आधी पुसून टाका. हिराक्का धायरीकडची. तिच्या ज्वारीच्या रानावर आता चौदा मजली इमारती उभ्या होत्या, मुलगे बिल्डर झाले होते, आणि तिला थोरल्यानं अकराव्या मजल्यावर संगमरवर घालून ठेवलं होतं. "घसरती मी तिथं," ती म्हणायची. "आन् खाली बघितलं की डोळं फिरत्यात." म्हणून दर सिझनला ती दाजींकडे आंबे फिरवायला, म्हणजे उलटून-हुंगून डागी वेगळे काढायला, यायची, तीस वर्षं यायची तशीच. फरक इतकाच की आता तिला सोडायला एक पांढरी, बोळात न मावणारी, रणगाड्याएवढी गाडी यायची. ड्रायव्हर दार उघडायचा, आक्का नऊवारी सावरत उतरायची, पेंढ्यात बसकण मारायची आणि कमरेची डबी काढायची. डबीत मशेरी. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड ती बोटानं हिरड्यांना चोळायची, सकाळपासून संध्याकाळपर्यंत बारा-पंधरा वेळा. मग तिच्या तोंडाच्या कोपऱ्यातून काळा ओघळ यायचा आणि ती भिंतीच्या कोपऱ्यात असा नेम धरून थुंकायची की दोन पेट्यांच्या फटीतून पिचकारी आरपार जायची आणि लाकडाला डाग लागायचा नाही.

मी आंबा टाकला त्या दिवशी तिनं मला सुनावलं, "दारू पिऊन पिऊन नाक मेलंय तुजं. शी! काय ती घाण सवय. माणसानं येवढं घाण व्हावं?" आणि थुंकली.

माझं टाळकं फिरलं. "आक्का, तुमच्या दातांवर आहे ते काय गंगाजल आहे? तुमच्या तोंडाच्या वासानं कैऱ्या पिकतात इथे!"

 मला वाटलं आता रणगाडा येणार. आक्कानं डबीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग डबीचं झाकण दाबून बसवलं आणि ती माझ्या अंगावर फेकली. "ठिव तुज्याकडं. आन् तुजी गाडीची किल्ली दे हिकडं. मी मागितली तरी डबी द्यायची नाय. तू मागितलीस तरी किल्ली द्यायची नाय. बघू कोण आधी मरतं."

किल्ली गेली म्हणजे दुपारच्या सुट्टीत कुठल्याही दुकानाकडे, काउंटरकडे, अड्ड्याकडे जायची सोय गेली, कारण स्कूटरशिवाय मी जिन्याचे दोन मजलेसुद्धा चढत नसे. आता संध्याकाळी मला पायी घरी न्यायचं आणि सकाळी घेऊन यायचं काम दाजींकडे आलं. आणि माझ्या शर्टाच्या खिशात ती डबी. तिचा वास काय सांगू! जळका, कडवट, ओल्या राखेत उंदीर मेल्यासारखा. उरावर तो वास, नाकाशी आंब्याचा, आणि मधे माझं पोट, घाणीच्या दोन घरांच्या मधोमध बांधलेल्या खोपटासारखं.

केंद्रात भिंतीवर चित्रं होती. हातात हात घेतलेली माणसं, मागे उगवता सूर्य. आधार म्हटलं की मलाही तसंच काहीतरी डोळ्यांपुढे यायचं. मला मिळालेल्या आधाराला दात काळे होते आणि तो चौथ्या दिवसापासून कुणाचंही डोकं फोडायला तयार होता. मशेरी सुटली तशी आक्काच्या हिरड्या सुजल्या, जीभ दुप्पट चालायला लागली. गिऱ्हाइकं गोदामापर्यंत यायची. एका सद्गृहस्थांनी नाक वर करून विचारलं, "गोड आहे ना हो नक्की?" तर ती म्हणाली, "त्यालाच इचारा, माजं त्याचं बोलनं नाय." दाजी गालावर हात ठेवून बाहेर निघून गेले. केंद्रात चार महिने कोरडे काढूनही त्या वासात मला घाम फुटायचा, पेंढा साप होऊन सरकायचा. एकदा तर हजार पेट्यांतले सगळे आंबे एकाच वेळी माझ्याकडे वळून बघतायत असं दिसलं. हे मी वाढवून सांगत नाही. तिथे वाढवायला जागाच नव्हती.

नवव्या की दहाव्या दिवशी भर दुपारी आम्ही दोघंच समोरासमोर बसलो होतो. तिच्या कमरेला माझी किल्ली, माझ्या खिशात तिची डबी. ती माझ्या खिशाकडे बघत होती, मी तिच्या कमरेकडे. कुणी एकानं हात पुढे केला असता की झालं असतं. दोघांचीही सुटका, आणि चहाडी सांगायला तिसरं माणूस नाही. पंखा फिरत होता. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी आक्का म्हणाली, "तुजं तोंड बघितलं ना, की वाटतं ह्याला किल्ली दिली तर ह्यो हसंल. त्ये मला नको." मी म्हणालो, "मलाही तुम्ही हसलेलं नको. दात दिसतात." आणि आम्ही पुन्हा आंबे हुंगायला लागलो.

किळस ही मोठी कामाची वस्तू आहे, हे मला तिथे कळलं. दया लगेच शिळी होते. ताई कीव करायची, तेव्हा मला प्यावंसं वाटायचं. आक्का शी म्हणायची, तेव्हा मी ताठ बसायचो.

मंगळवारी संध्याकाळी आम्हा दारू सोडलेल्यांची बैठक असायची, एका शाळेच्या वर्गात, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून. नावं सांगायची नाहीत, आपलं काय झालं ते सांगायचं. माझी पाळी आली की वर्गात जान यायची. माझे दारूचे किस्से म्हणजे काय! मी घाटात बंद पडलेली बस एकट्यानं ढकलली होती, पोलिसाला गाणं म्हणायला लावलं होतं, तीन बाटल्या रिचवून बुद्धिबळाचा डाव जिंकला होता. लोक हसून हसून बाकांवरून घसरायचे. एकदा असाच डाव रंगला असताना मागच्या बाकावरच्या एका निवृत्त गणिताच्या बाईंनी हात वर केला. बाई स्वतः बारा वर्षं चहाच्या कपातून जिन प्यायलेल्या. त्यांनी अतिशय सौम्यपणे विचारलं, "अहो, आपल्या एकाही गोष्टीत आपण ओकत नाही. कसं जमतं हो?"

कुणी हसलं नाही. मीच हसलो, एकटा, आणि वर्गात तो आवाज फार घाण वाटला.

गोदामाच्या मागे उघड्यावर एक निळं पिंप होतं. हुंगून बाद केलेले डागी आंबे आम्ही त्यात टाकायचो आणि संध्याकाळी एक गोठेवाला म्हशींसाठी ते घेऊन जायचा. वैशाख ऐन भरात असताना त्याच्याकडे लग्न निघालं. पाच दिवस तो आला नाही. पहिल्या दिवशी पिंप नुसतं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर चिलटांचा ढग उभा राहिला. तिसऱ्या दिवशी ते बोलायला लागलं. बुडबुड, फस्स, बुडबुड. वर पिवळट-तपकिरी फेसाची साय, सायीत आंब्यांच्या फाटलेल्या साली, सालींवर वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या. आणि वास! आक्का पदर नाकाला लावून आत पळाली. मी पळालो नाही. मला मागे जायला कामं सुचायला लागली. झाडू मागे राहिला. गोणपाट वाळत घालायचं राहिलं. पाचव्या दिवशी तर मी तीन वेळा हात धुवायला मागे गेलो आणि तिन्ही वेळा हात धुवायचे विसरलो.

त्या सकाळी खडकीला फोन केला होता. सईनं उचलला.

"सई, बाबा येऊ का भेटायला?"

"आई म्हणते नंतर."

"आणि तू काय म्हणतेस?"

 "मी पण नंतर."

हे कारण म्हणून सांगत नाही. नुसतं त्या सकाळी झालं म्हणून सांगतो. दुपारी दाजी जेवायला घरी गेले, आक्का पेंढ्यावर आडवी होऊन घोरत होती. मी माठावरचा स्टीलचा ग्लास उचलला आणि मागे गेलो. ऊन असं की पत्रा हात लावला तर कातडी ठेवून घेईल. चिलटं नाकात, कानात, डोळ्यांच्या कडांत. मी ग्लासाच्या बुडानं साय बाजूला केली, खालचं पातळ भरून घेतलं. ग्लासात एक अळी आली होती. ती मी करंगळीनं उचलून बाजूला केली, अगदी हलक्या हातानं, ताटात केस सापडला तर पाहुण्यांसमोर काढतो तशी. जो माणूस एके काळी बर्फ कमी पडला म्हणून हॉटेलच्या मॅनेजरला बोलावून घ्यायचा, तो मी. आणि मी प्यायलो. एक मोठा घोट. कोमट, बुळबुळीत, आंबट, मागून सडकं गोड. खाली गेला. आणि सगळ्यात घाणेरडी गोष्ट अशी की पोचल्यावर पोटानं त्याला ओळखलं. पोट म्हणालं, आलास?

दुसऱ्या घोटासाठी ग्लास वर केला तेव्हा दारात हिराक्का उभी होती.

ती ओरडली नाही. महिन्याभरात पहिल्यांदाच ती माझ्यावर ओरडली नाही. पदर खांद्यावर नीट करत, पाहुण्याला चहा विचारावा तसं तिनं विचारलं, "गाळून देऊ का?"

मी ग्लास खाली ठेवला. ठेवला म्हणजे हात आपोआप खाली आला. मग मी पिंपाच्या कडेला धरून ओकलो, सकाळची भाकरी, तो घोट, आणि बहुतेक आदल्या वर्षीची अक्षय्य तृतीयासुद्धा. आक्का पाठीवरून हात फिरवायला वगैरे आली नाही. तिनं माझ्या डोक्यावर माठातलं तांब्याभर पाणी ओतलं, एका उलट्या पेटीवर बसली आणि हात पुढे केला.

"डबी दे."

"आक्का, तुमचे वीस दिवस…"

"दे म्हंते ना."

मी दिली. तिनं झाकण उघडलं, बोट बुडवलं, आणि डोळे मिटून हिरड्यांना चोळत बसली. काळा ओघळ आला. मी ओल्या डोक्यानं समोर बसून बघत होतो. दोन घाणेरडी माणसं आणि मधे बुडबुडणारं पिंप. चूळ भरून ती म्हणाली, "तुला येकट्याला खाली ठिवून मी वरनं बघत बसू? नाय जमत. मला वरनं डोळं फिरत्यात. आता दोगं सारखं. उद्या सकाळी पैल्यापासनं." दुसऱ्या दिवशी रणगाड्यातून उतरली ती तडक माझ्यापाशी आली, माझ्या हातावर डबी ठेवली आणि आंब्याला शिव्या घालायला बसली. दाजींना ती एक अक्षर बोलली नाही. ताईला नाही. त्या घोटाचा जगात दुसरा साक्षीदार नव्हता, आणि ही साक्षीदार अकराव्या मजल्यावरून कुणाशी बोलणार नव्हती.

म्हणून तर पुढचे दिवस जड गेले. भूक लागायला लागली होती, नाक इतकं तल्लख झालं होतं की मी बंद पेटीतला डागी आंबा वरून सांगायचो. पण रोज संध्याकाळी दाजींच्या मागून चालताना मी मनात मेधाशी बोलत असे आणि रोज ती गोष्ट थोडी सुधारत असे. आधी अळी गेली. मग सई आणि फोन गेला. मग आक्का गेली, कारण तिच्यासमोर मी फारच ओंगळ दिसत होतो. जून लागला, पेट्या विरळ झाल्या, भाव पडले, लोक जांभळांकडे वळले. शेवटची पेटी गेली त्या दुपारी आक्कानं कमरेची किल्ली सोडून माझ्यापुढे टाकली. डबी मात्र मागितली नाही. "ऱ्हाऊ दे तुज्याकडं," म्हणाली आणि गाडीत बसली.

मी तसाच खडकीला निघालो. अंगाला पेंढा, पायांत रसानं चिकट झालेल्या चपला. वाटेत प्रत्येक सिग्नलला मी एकेक गोष्ट जुळवत गेलो, आणि क्वार्टरच्या आवारात स्कूटर लावली तेव्हा माझ्याकडे तीन तयार होत्या. तिन्हींत मी जिंकत होतो. तिसरी तर इतकी सुंदर होती की आवारात शिरताना माझेच डोळे भरून आले.

बेल वाजवली. दार चार बोटं उघडलं. साखळी तशीच. मेधाच्या मागे सईची सावली हलली आणि थांबली.

"संपला?" मेधानं विचारलं.

"संपला."

"एक थेंब नाही?"

मी तोंड उघडलं ते तिसऱ्या गोष्टीसाठी. शपथेवर सांगतो, पहिलं वाक्य जिभेवर होतं. पण त्या फटीतून तिचा एकच डोळा दिसत होता आणि तो वर्षभर लावून घेतलेल्या दारासारखा होता. मी पिंप सांगितलं. पाच दिवस सांगितले. हात धुवायचं नाटक सांगितलं. ग्लास, साय, आणि अळी करंगळीनं बाजूला केल्याचंही सांगितलं. घोट गिळला, तो चांगला लागला, दुसरा घेणार होतो आणि आक्का आली नसती तर घेतला असता, हे सांगितलं. मग ओकलो हे सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा माझी गोष्ट दोन मिनिटांत संपली. शेवटी म्हणालो, "म्हणजे अट मोडली. नंतर नाही प्यायलो, पण मोडली. येऊ नको म्हणालीस तर जातो."

 तो एक डोळा माझ्या तोंडावरून, शर्टावरून, चपलांपर्यंत गेला आणि परत वर आला. मग तिनं साखळी काढली.

"ही गोष्ट रचली असतीस, तर शेवटी ग्लास फेकून दिला असतास," ती म्हणाली. "चपला बाहेर काढ. बरबटल्यात."